डायलिसिसही हरते तेव्हा

मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात २०२५ मध्ये खोकल्याचे ‘कोल्ड्रिफ’ सिरप घेतलेली २० हून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना नागपुरात आणून डायलिसिस केले, तरी ती वाचली नाहीत. असे का व्हावे?

लेप्टो किंवा जुलाबाने मूत्रपिंडे बंद पडली, तर डायलिसिसच्या आधाराने ती बहुतेकदा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. या सिरपमध्ये मात्र डायइथिलिन ग्लायकॉल होते. मर्यादा ०.१ टक्का, सापडले ४८.६ टक्के! शरीरात त्याचे आम्ल बनते. ते मूत्रपिंडाच्या पेशी मारते, मेंदू व नसांनाही इजा करते. डायलिसिस रक्त शुद्ध करते. पेशींत साचलेले विष त्याने निघत नाही.

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्ण दगावले. त्यानंतर लेंटिन आयोग नेमला गेला. उपाय तेव्हाही ठाऊक होता: कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेची वापरापूर्वी तपासणी. तिथे वाचवलेले पैसे बालरुग्ण कक्षात जिवाने फेडावे लागतात.

पालकांनी दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे सिरप देऊ नये. कोणत्याही औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि औषधाची बाटली सोबत न्यावी.