टाकीतले नायट्रेट ५० वरच का अडते?

शारजाहहून एका भगिनींचे लांबलचक पत्र आले आहे. मूळच्या त्या दापोलीच्या बाजूच्या. दहावीतल्या मुलाने दोन वर्षांपूर्वी हट्ट करून खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी घेतली. तीत दोन क्लाउनफिश, दोन डॅमसेल, एक गोबी, थोडे मऊ प्रवाळ आणि एक टॉर्च कोरल आहे. दर शुक्रवारी मायलेक मिळून २० लिटर पाणी बदलतात, तरी नायट्रेट ५० च्या खाली उतरत नाही. दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ माजले आहे आणि टॉर्च दिवसेंदिवस आक्रसतो आहे. मुलाचे अब्बा म्हणतात, टाकी देऊन टाका. दुकानदार म्हणतो, ही महागडी बाटली घ्या. भगिनी आम्हाला विचारतात, "पाणी आणखी किती बदलू?"

आधी पाण्याचा हिशेब करू. लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेट असताना दहावा हिस्सा पाणी बदलले की ४५ उरते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा ५०. म्हणजे टाकीत आठवड्याला ५ तयार होते आणि तेवढेच तुम्ही काढता. असे वर्षभर केले तरी आकडा जागचा हलणार नाही. निव्वळ पाणी बदलून तो १० वर ठेवायचा म्हटले तर दर आठवड्याला निम्मी टाकी उपसावी लागेल. मिठाचा खर्च सोडा, प्रवाळांनाही दर आठवड्याला एवढा हिसका सोसणार नाही. तेव्हा हे ५ येते कुठून, ते शोधायला हवे.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. काही किट 'नायट्रेट' दाखवतात, काही 'नायट्रेट नायट्रोजन'. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणला की पहिला मिळतो, म्हणून किटच्या कागदावर नक्की काय लिहिले आहे ते वाचा. दुसरे, शुक्रवारसाठी कालवलेले ताजे खारे पाणीही त्याच किटने तपासा. आखातातले नळाचे पाणी बहुतेक समुद्राचेच गोडे केलेले असते, पण इमारतीच्या टाक्या आणि नळांतून ते फिरून येते, त्यात क्लोरीनही असते. प्रवाळांसाठी आरओ-डीआय फिल्टरचेच पाणी वापरावे.

आता ते ५. ते येते खाद्यातून. खाद्यातल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो. मासे ते पचवून कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, आणि उरलेले खाद्य नि विष्ठा कुजूनही शेवटी अमोनियाच होतो. दगड-वाळूतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया जहाल, नायट्रेट त्या मानाने सौम्य. म्हणून मासे मरत नाहीत आणि ते गुपचूप साठत जाते. प्रवाळांच्या अंगात मात्र सूक्ष्म शैवाल राहत असते. नायट्रेट फार झाले की ते फोफावते आणि प्रवाळाचा रंग उतरून तो तपकिरी दिसू लागतो. बाहेरचे केसाळ शेवाळ वरून त्याची जागा आणि उजेड खाते.

सुक्या खाद्यात ४५ टक्के प्रथिने धरली तर एका ग्रॅमपासून सुमारे ०.३२ ग्रॅम नायट्रेट होऊ शकते. तुमच्या २०० लिटरमध्ये ते लिटरमागे १.६ मिलिग्रॅम भरते. म्हणजे आठवड्याचे ५ गाठायला तीन ग्रॅम खाद्य पुरते, दाणेदार असेल तर चहाचा साधारण एक चमचा! आणि पत्रात तुम्हीच लिहिता की सकाळी तुम्ही खाद्य घालता, शाळेतून आल्यावर मुलगा घालतो, आणि मासे काचेशी आले की दादींना ते उपाशी वाटतात. मासे काचेशी येतात कारण माणूस दिसला की खायला मिळते हे ते शिकले आहेत.

एवढ्या पाच लहान माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतके खाद्य पुरे. सात दिवसांच्या सात पुड्या करून एका डबीत ठेवा आणि खाऊ घालण्याचे काम दादींकडेच सोपवा. पुडी संपली की त्या दिवसाचे जेवण झाले. फिल्टरचा कापूस दर तीन दिवसांनी धुवा; त्यात अडकलेली घाण काढली नाही तर ती तिथेच कुजून नायट्रेट होते. प्रोटीन स्किमर असेल तर त्याचा फेस जमणारा कप आणि नळी आठवड्यातून दोनदा पुसा. चिकट नळीत फेस वर चढत नाही, आणि तो चढला तरच घाण कुजण्याआधी बाहेर पडते.

तयार झालेले नायट्रेट संपवण्याची सोय निसर्गातही आहे. सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे ऑक्सिजन जवळजवळ पोहोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा वायू करतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिले की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. आज जगभरच्या प्रवाळ टाक्या याच दगडांवर उभ्या आहेत. तुमच्या दगडांवर गाळाचा थर असेल तर पाणी बदलताना तो नळीने ओढून घ्या.

दुकानदाराच्या बाटलीविषयी. नायट्रेट उतरवणाऱ्या अशा पुष्कळ बाटल्यांत जिवाणूंना वाढवणारे कार्बनचे खाद्य असते. वाढताना जिवाणू नायट्रेट ओढून घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. युरोप-अमेरिकेत यासाठी लोक सर्रास व्होडका घालतात. आपल्या घरात ती यायचे कारण नाही आणि गरजही नाही. तेच काम पांढरा सिरका करतो, ५ टक्क्यांचा, रंग-मसाला नसलेला. एक मिलिलिटर व्होडकाचे काम साधारण आठ मिलिलिटर सिरक्याने होते, एवढाच फरक. पण हे पाऊल खाद्य आवरल्यानंतर सहा आठवड्यांनी, आकडा तरीही हटून बसला तरच उचलायचे. रोज सकाळी एक-दोन मिलिलिटरपासून सुरुवात, तेही जोराच्या प्रवाहात थेंबाथेंबाने. पाणी दुधाळ दिसले तर लगेच थांबा, कारण जिवाणू ऑक्सिजनही खातात आणि आधी मासे गुदमरतात. स्किमर नसेल तर सिरक्याच्या वाटेला जाऊच नका.

घाई मात्र करू नका. ५० वरून १० वर यायला दोन-तीन महिने लागू द्या. शून्याचा हट्टही नको. खऱ्या प्रवाळबेटाच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असते हे खरे, पण तिथे लाटांबरोबर सतत सूक्ष्म अन्न येत असते. टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की प्रवाळ फिकट पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी चिकट साय धरते. ती केसाळ शेवाळापेक्षा हटायला अवघड. तुमच्या टाकीला ५ ते १५ च्या दरम्यानचा स्थिर आकडा चांगला.

पत्राच्या शेवटी विचारले आहे की पुढच्या वर्षी कायमचे गावी परतताना टाकी आणता येईल का. काच, पंप, दिवे आणा. टॉर्चसारखे दगडी प्रवाळ मात्र आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय त्यांना सीमा ओलांडता येत नाही. भारतात तर २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंगतीत आहेत. तेव्हा ते तिथल्याच एखाद्या जाणत्या टाकीवाल्याला द्या, आणि सोबत मुलाने लिहिलेली नायट्रेटची वहीही द्या. त्याच्या टाकीचा आकडा २ असेल आणि तुमचा ३०, तर प्रवाळ थेट त्या पाण्यात सोडू नका. तोवर खाली आणायला अजून वर्ष हाताशी आहे.