पार्कात पार कुठे आहे?

आमच्या सासूबाई वारी चाललेल्या आहेत. अख्खी नाही, पण फलटण ते पंढरपूर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि तेही २०१९ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. गुडघे तेव्हाही दुखत होतेच. त्याच सासूबाई २०२५च्या उन्हाळी सुट्टीत एका मोठ्या थीम पार्कमध्ये तीन तासांत अशा गळून गेल्या की शेवटी फुलझाडांच्या वाफ्याच्या कडेवर, अर्ध्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. तिथूनही त्यांना उठवलं. शिट्टी वाजवत आलेला गार्ड म्हणाला, "आजी, इथे बसायला मनाई आहे." सासूबाईंनी विचारलं, "मग कुठं बसू, बाळा?" तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. त्याला तरी कुठे ठाऊक होतं? दिवसभर उन्हात उभं राहायची नोकरी त्याची.

पार्कचं नाव सांगत नाही. हा प्रश्न काही एकट्या त्या पार्कचा नाही. आम्ही दहा जण होतो. आम्ही चौघं, पुण्याचे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, सासूबाई आणि ह्यांच्या आत्या. आत्याबाई अठ्ठ्याहत्तरच्या, अजून नऊवारी नेसतात. दोघींनाही ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकिटात सवलत मिळाली, तेव्हा मला कोण आनंद झाला! म्हटलं, बघा, इथे म्हाताऱ्या माणसांचा विचार केलेला दिसतोय. तो विचार तिकिटाच्या खिडकीपाशीच संपला होता, हे आत गेल्यावर कळलं.

तुम्ही म्हणाल, या वयात त्यांना तिथे न्यायचंच कशाला? घरी पोथी वाचत बसल्या असत्या. हेच मला परत आल्यावर आमच्या गल्लीत चौघींनी ऐकवलं. पण आत्याबाईंना विचारा. राजवाड्यासारखी ती रंगीत कमान बघून त्या लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. हळू चालणाऱ्या छोट्या आगगाडीत त्या दोनदा बसल्या. मोठाल्या बाहुल्यांचे मुखवटे घातलेली पोरं नाचत आली, तेव्हा त्यातल्या एकाशी हात मिळवून त्यांनी त्याला विचारलं, "आत उकडत नाही का रे?" मजा करायची हौस साठीनंतर संपते, असं कुणी ठरवलं?

शिवाय आता ज्येष्ठ माणसं घराबाहेर पडू लागली आहेत, आणि त्याला सरकारचाही हातभार आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. २०२४ साली साठीपुढच्यांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. आमच्या घरात आत्याबाई फुकट आणि सासूबाई अर्ध्या तिकिटात, असा हिशेब आहे. आमच्या बचत गटातल्या ज्या बायका आयुष्यात माहेर आणि सासर या पलीकडे गेल्या नव्हत्या, त्या आता वर्षाकाठी एकदा तरी कुठेतरी जाऊन येतात. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातली दहा माणसं साठीच्या पुढची होती, आता ती त्याहून जास्तच असणार. म्हणजे घरातून निघायची सोय झाली, गाडीत बसायची सोय झाली. पण जिथे जायचं तिथे पोचल्यावर बूड टेकायची सोय कुणी बघायची?

त्या दिवशी मी मुद्दाम बघत फिरले. बाकं नव्हती असं नाही. होती, पण भर उन्हात. दुपारी दोन वाजता त्या लोखंडी बाकावर चपाती भाजली असती. सावलीतल्या दोन-तीन बाकांवर बॅगांचे ढीग आणि राखणीला बसलेल्या कुणाकुणाच्या आज्या. काही ठिकाणी दगडासारखे दिसणारे बुटके ठोकळे, दिसायला सुंदर, पण त्यांना पाठ नाही की हात नाही. गुडघे गेलेल्या बाईला खाली बसता येतं हो, उठायचं कशाला धरून? शेवटी खुर्च्या सापडल्या त्या खाण्याच्या हॉलमध्ये. पंखे होते, सावली होती. पण काही घेतलं नाही तर टेबल अडवू नका, असा बोर्ड. आत्याबाईंना मधुमेह. त्यांचा भाकरीचा डबा गेटवरच ठेवून घेतलेला, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून. मग आम्ही बसण्यासाठी समोसे घेतले. एकेक तास दोन खुर्च्या मिळवायच्या तर किती समोसे घ्यावे लागतात, हा हिशेब मी नंतर ह्यांना करून दाखवला.

यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. धंद्याचं गणित आहे. बसलेलं माणूस खर्च करत नाही. चालतं-फिरतं माणूस दर दहा पावलांवर एका दुकानावरून जातं, काहीतरी घेतं. गर्दी वाहती राहिली पाहिजे. त्यामुळे नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतं ते पाळण्यात बसणारं कॉलेजचं पोरगं, नाहीतर आईबापाचा हात ओढणारं मूल. त्या मुलामागे त्याची आजीही येणार, हे आपल्या देशात तरी लक्षात यायला हवं होतं. आपल्याकडे सहल म्हटली की आजी येतेच.

गंमत म्हणजे थीम पार्कची कल्पनाच मुळी एका बाकावर सुचलेली आहे. वॉल्ट डिस्ने सांगायचे की, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ते आपल्या मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचे आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तिथे बसल्या बसल्या त्यांना वाटलं की, आईबाप आणि मुलं सगळ्यांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं. ग्रिफिथ पार्कमधला एक बाक तिथे आठवण म्हणून जपून ठेवलेला आहे. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, पुढे २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. आता जिल्ह्याजिल्ह्याला छोटीमोठी वॉटर पार्कं झाली आहेत. उंच पाळणे आले, पाण्याच्या घसरगुंड्या आल्या. त्या पहिल्या बाकाचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि आपल्याला तर हे तिकडून शिकायचीही गरज नव्हती. गावात वडाभोवती पार असतो. देवळाला ओवऱ्या असतात. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या चालून आलेल्या माणसाला टेकता यावं म्हणूनच ना? सासूबाई वारीत शंभर किलोमीटर चालल्या आणि इथे तीन तासांत थकल्या, याचं कोडं मला घरी आल्यावर त्यांनीच उलगडून सांगितलं. म्हणाल्या, "अगं, वारीत चालायचं असतं तसंच बसायचंही असतं. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम. पुढं कुठं बसायचंय ते ठाऊक असलं की पाय ओढत नेता येतात. इथं कुठं बसायचं तेच ठाऊक नाही." पार्कात पार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवशीचं पुढचं सांगते. वाफ्यावरून उठवल्यावर आम्ही चालत निघालो आणि वीसेक पावलांवर सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "डोळ्यापुढं अंधारी येतीय," म्हणाल्या. ह्यांनी आणि दिरांनी दोन्हीकडून धरलं. प्रथमोपचाराची खोली गाठायला दहा मिनिटं लागली. तिथे मात्र गार वारा होता, पलंग होता आणि एक फार प्रेमळ नर्स होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "आजी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

सासूबाई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "दोन घोट."

का, तर बाथरूम लांब आहे. तिथे जायचं म्हणजे कुणाला तरी पाळणा सोडून सोबत यावं लागणार. पोरांचा विरस नको. माझ्या पोटात धस्स झालं. सकाळी अकरा वाजता "आई, तुम्ही दोघी बसा इथे बॅगांपाशी, आम्ही आलोच" असं म्हणून निघून गेलेली मीच होते. परत आलो ते दीड तासाने. समाजकार्य करते, ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं देते, आणि माझ्या घरची म्हातारी बाई माझ्या डोळ्यांदेखत पाणी टाळते, हे मला दिसलं नाही. वय वाढलं की मुळात तहान कमी लागते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला जास्त होतं, म्हणजे शरीरातलं पाणी आणखी कमी. नर्सने हे सगळं शांतपणे समजावलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

पण खरं बोचलं ते परतीच्या गाडीत. दीर सहज म्हणाले, "पुढच्या वेळी आईला नको आणायला. तिलाच त्रास होतो." मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "नकोच रे बाबा." बोलणं तिथेच संपलं. मला ते फार लागलं. बाक नव्हता पार्कात, आणि घरी बसायची शिक्षा मात्र आजीला! असंच होतं बघा. लग्नाच्या हॉलचा जिना उंच म्हणून आजी लग्नाला येत नाही. नाट्यगृहात बाथरूम तळमजल्यावर म्हणून आजी नाटकाला येत नाही. आणि सगळे म्हणतात, "आता त्यांना आवड राहिली नाही."

कायदा काय म्हणतो? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात भर आहे तो पोटगीवर आणि देखभालीवर, तिथे सहलीतल्या बाकाचं काही सापडायचं नाही. पण २०१६चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोक जिथे मनोरंजनासाठी जातात त्या खासगी इमारतीही त्यात येतात, आणि त्या सगळ्यांना वावरता येतील अशा करायच्या आहेत. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७चे, म्हणजे ती मुदत उलटूनही गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की, या सोयी म्हणजे नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, सक्तीचे निकष करा. चांगलं झालं. तरी माझी एक शंका आहे. सोय म्हटली की आपल्यापुढे रॅम्प येतो, व्हीलचेअर येते. ती हवीच. पण आत्याबाई काही स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत. त्यांना व्हीलचेअर देऊ केली तर "मी काय पांगळी आहे?" म्हणून रागावल्या. त्यांना हवा होता बाक, सावलीतला, पाठीचा, हात असलेला.

केरळमध्ये कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं. त्यांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथला कायदा बदलून घेतला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसं केलं. बसणं हीसुद्धा मागायची गोष्ट आहे, हे त्या बायकांनी शिकवलं. आपण बायका मात्र बसायला मागताना अजून ओशाळतो. "नाही, नाही, मी ठीक आहे," हे आपलं पाठ झालेलं वाक्य.

आता मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. जाण्याआधी फोन करते आणि पाळण्यांचं नव्हे, बाकांचं विचारते. बाथरूम किती लांब, कमोड आहे का, औषधासोबतचा डबा आत नेऊ देतात का, तेही विचारते. शनिवार-रविवार टाळते. आत गेल्यावर आधी बसायची जागा हेरायची, मग पाळणे. दुपारच्या उन्हात बंद थिएटरमधला खेळ असेल तर तो दुपारसाठीच राखून ठेवायचा, त्यात बसणंही होतं आणि बघणंही. एक घडीचं स्टूल आणलं आहे, तेही गेटवर अडवतात का ते विचारून ठेवते. आणि आजींजवळ पाळीपाळीने एक जण थांबायचं, त्यात पुरुष आणि मुलंही आली. बॅगा लॉकरमध्ये. आजी म्हणजे लॉकर नव्हे.

त्या पार्कला मी पत्र लिहिलं. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. घेऊ देत नोंद. दर सुट्टीला पन्नास घरांतून अशी पत्रं गेली तर फाइल तरी जाड होईल. आमच्या बागेत "कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ" असे बाक आहेत. जिवंतपणीच बसायला मिळालं तर जास्त बरं, असं आत्याबाईंचं म्हणणं.

परवा बचत गटाच्या सहलीसाठी एका ठिकाणी फोन लावला. पलीकडे कोवळ्या आवाजाचा मुलगा होता. पाळणे, जेवण, पार्किंग, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. मी विचारलं, "बसायला बाक किती आहेत?" तो गोंधळला. म्हणाला, "असं कुणी विचारत नाही मॅडम. थांबा, बघून सांगतो." मला वाटलं, गेला हा. पण वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. तो खरंच मोजून आला होता. "अकरा आहेत, मॅडम. सावलीत चारच."

आम्ही बावीस जणी आहोत. त्यातल्या नऊ साठीच्या पुढच्या. मी त्याला म्हटलं, उरलेले सात सावलीत सरकवता येतील का, तेवढं तुझ्या साहेबांना विचारून कळव. शनिवारपर्यंत कळवतो म्हणालाय.