जमाखर्च रोजच्या जगण्याचा : जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा



या सदरात आजवर आपण ठेवी, विमा, वारसनोंद अशा विषयांचा विचार केला. आजचा विषय किंचित निराळा असला, तरी त्याचा संबंध घरच्या जमाखर्चाशीच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारी दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल मोटार उभी असते. ती विकवत नाही आणि तिच्यावरचा खर्च आटोक्यातही राहत नाही. अशा मोटारीचा दोष शोधणारे स्कॅनर नावाचे उपकरण घरी घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणते, हे अनुभवाच्या आधारे सांगतो.

आमची मोटार २००७ सालची, इंजेक्शन पद्धतीची. गेल्या मार्गशीर्षात आसनगावजवळच्या मानस मंदिरात दर्शन घेऊन सौ. व थोरल्या वहिनींसह आम्ही आटगावमार्गे तानसा धरण पाहावयास गेलो होतो. परतताना ऐन जंगलात इंजिन एकाएकी बंद पडले. सेल्फ फिरे, पण इंजिन पकडेना. वहिनींचे वय चौऱ्याहत्तर, त्यांना मधुमेह, आणि चौविहाराचा नियम कित्येक वर्षांचा. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचलो नाही, तर त्यांना रात्रभर उपाशी राहावे लागणार होते. अर्ध्या तासाने इंजिन निवताच ते आपोआप सुरू झाले आणि आम्ही सूर्य मावळता मावळता शहापूर गाठले. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये पेट्रोलचा पंप बदलला. चार दिवसांत दुखणे पुन्हा उद्भवले. तेव्हा इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, गेला असून अठरा हजारांचा खर्च आहे, असे सांगण्यात आले. पुतण्या म्हणाला, "काका, भंगारात काढू या." थोरल्या बंधूंनी मात्र ही मोटार दुकानाच्या पहिल्या चांगल्या वर्षात घेतली होती. निर्णय माझ्यावर सोपविण्यात आला.

कर्जमंजुरीच्या टेबलावर बसून एक शिकलो होतो : कागद पाहिल्याविना सही करू नये. येथे कागद म्हणजे ईसीएमने स्मरणात ठेवलेली दोषांची नोंद. ती वाचण्यासाठी पुतण्याने काही शे रुपयांचे ब्लूटूथ उपकरण मागविले. डॅशबोर्डखालच्या सोळा छिद्रांच्या सॉकेटमध्ये ते नीट बसले, त्यावरचा दिवाही लागला, परंतु मोबाइलवर 'वाहनाशी संपर्क नाही' हेच उत्तर येत राहिले.

याचे कारण पुढे समजले. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना दोषनोंदीची एक समान पद्धत, ओबीडी-२, सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या मोटारींना तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या मोटारीत सॉकेट तेच असले, तरी आतली भाषा बहुधा कंपनीची स्वतःची असते. स्वस्त उपकरणाला केवळ समान भाषा कळते. त्यातही 'ईएलएम ३२७' या नावाने विकली जाणारी बहुतेक उपकरणे मूळ कॅनेडियन चिपच्या नकला असून जुन्या भाषांशी त्यांचे विशेष जमत नाही.

अखेर शहापुरातील एका तरुण ऑटो इलेक्ट्रिशियनने अनेक कंपन्यांच्या मोटारी वाचणारा स्कॅनर लावला. पी ०३३५ हा कोड आला. त्याचा अर्थ क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या मार्गात दोष. त्याने तेवढ्यावर समाधान मानले नाही. इंजिन तापवून ते बंद पडू दिले आणि सेल्फ मारताना पडद्यावर फेऱ्यांचा आकडा पाहिला. सेल्फ फिरत असूनही आकडा शून्यच होता, म्हणजे सेन्सरचा संदेश ईसीएमपर्यंत पोहोचतच नव्हता. मग तो वायर चाचपत गेला. उंदरांनी एका ठिकाणी आवरण कुरतडले होते. सेन्सर, पंप, ईसीएम तिन्ही निर्दोष. वायर सांधून वर जाड नळी चढविली, खर्च साडेचारशे रुपये. गोदामाशेजारी मोटार उभी करण्याची आमची सवय मात्र त्या दिवसापासून सुटली.

चेक परत आला की सोबतच्या मेमोवर कारण लिहिलेले असते. पण खात्यात शिल्लक का उरली नाही, हे मेमो सांगत नाही. कोडचेही तसेच आहे. तो घराचा पत्ता देतो, चोराचे नाव देत नाही. आणि कोड पुसून टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. थकीत कर्जाची नोंद खोडल्याने कर्ज फिटत नाही.

घेणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. प्रथम मोटारीचे उत्पादनवर्ष पाहावे. २०१३ नंतरची असेल तर साधे उपकरण बहुधा पुरेल. त्याआधीची असल्यास विक्रेत्याला कंपनी, मॉडेल, वर्ष व इंधन सांगून उपकरणाच्या यादीत ती आहे काय ते विचारावे, आणि आपल्याच मोटारीवर चालवून दाखविल्यावर पैसे द्यावेत. केवळ कोड दाखविणारे घेऊ नये. इंजिनाचे तापमान, फेऱ्या, बॅटरीचा दाब हे चालू आकडे दिसलेच पाहिजेत. आयफोन असेल तर ब्लूटूथ उपकरण त्याच्याशी जुळते काय, हेही पाहावे. कोड पुसण्यापूर्वी तो तारखेसह वहीत लिहावा. काम झाल्यावर उपकरण काढून ठेवावे, कारण त्या सॉकेटला चावी बंद असतानाही वीज असते आणि बॅटरी उतरू शकते. सोबत एक साधा मल्टिमीटर असावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, चालू असताना साधारण १४.

घरात एकच मोटार असेल आणि दोन वर्षांतून एकदा दिवा लागत असेल, तर उपकरण घेऊच नये, स्कॅनिंगचे पैसे देणे स्वस्त. आमच्याकडे दुकानाच्या पिकअपसह चार वाहने आहेत, म्हणून कल्याणहून काही हजारांचा हातातला स्कॅनर आणला, तोही अंगणात चालवून पाहिल्यावरच.

गेल्या महिन्यात त्याच मोटारीने मुरबाडला एका लग्नाला गेलो. वहिनी पुढच्या आसनावर होत्या. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "भाऊजी, वही बरोबर घेतली ना?"