आधी सुई बघा, मग डबा घ्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत आजोबांच्या रेकॉर्ड. नाट्यपदं, भावगीतं, देवीची गाणी, एखादी कव्वाली. ‘आता ह्याचं काय करायचं?’ असा प्रश्न घरात पडतो आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर भंगारवाला देतो. पण अलीकडं तुमच्यातलं कुणीतरी पेटीवर हात ठेवून म्हणतं, ‘थांबा की, मी वाजवून बघतो.’ हे ऐकलं की बरं वाटतं. पुढं मात्र गाडी भलत्याच रस्त्याला लागते. रात्रभर व्हिडिओ बघून होतात, ‘फोनो स्टेज’, ‘प्रीॲम्प’ हे शब्द तोंडात बसतात आणि सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधीच वडलांपुढं वीस हजारांची यादी जाते.

दोस्तांनो, आमचं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं काय आहे हे न बघता डबा विकत घेणं, ही या छंदातली सगळ्यांत महागडी चूक आहे.

हा डबा करतो काय, ते आधी समजून घ्या. रेकॉर्डच्या खाचेत सुई थरथरते आणि त्या थरथरीतून वीज तयार होते. आज सर्रास मिळणाऱ्या ‘मूव्हिंग मॅग्नेट’ जातीच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअर मात्र २ व्होल्टपर्यंत देतो. म्हणून हा सिग्नल आधी शंभरेक पट वाढवावा लागतो. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की गाणं मावणारच नाही. बारीक आवाज मात्र वाढवून कोरतात, म्हणजे ऐकताना तो खाली आणला की खरखरही त्याच्याबरोबर कमी होते. ‘आरआयएए’ नावाचं हे प्रमाण १९५४ पासून रूढ झालं. फोनो स्टेज हाच हिशोब उलटा करून मूळ आवाज परत देतो. प्रीॲम्पचं काम वेगळं. कोणतं यंत्र ऐकायचं आणि आवाज किती ठेवायचा, एवढंच तो ठरवतो. तुमच्या ॲम्प्लिफायरला किंवा स्पीकरला आवाजाचं बटण असेल तर वेगळ्या प्रीॲम्पवर एक रुपयाही घालवू नका.

आता घरातलं यंत्र बघा. जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा सिग्नल मुळातच दांडगा, त्याला फोनो स्टेज लागत नाही. उलट लावला तर आवाज फाटतो. पण त्याची सुई जड असते, कधी पाच ग्रॅमपेक्षाही जास्त, आणि झिजलेली असेल तर ती खाचच खरवडते. म्हणून पहिला खर्च नव्या सुईवर करा.

मग रेकॉर्ड हातात घेऊन वेग वाचा. ७८ लिहिलं असेल तर ती लाखेची जुनी तबकडी. पडली तर काचेसारखी फुटते. तिची खाच रुंद असते, तिला एलपीच्या सुईच्या साधारण चौपट जाड टोकाची सुई लागते. बाजारातले कित्येक स्वस्त टर्नटेबल ७८ च्या वेगानं फिरतच नाहीत. पेटीत सगळ्या ७८ च्याच असतील आणि तुम्ही ३३ चं यंत्र आणलंत, तर कसला फोनो स्टेज अन् कसलं काय!

नवीन टर्नटेबल घेतलाच, तर त्याच्या मागं बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्ससारख्या यंत्रात फोनो स्टेज आतच असतो, एक खटका फिरवला की झालं. त्याची वायर ब्लूटूथ स्पीकरच्या ‘ऑक्स’मध्ये जाते, नाहीतर मंडपवाल्या काकांच्या ॲम्प्लिफायरमध्येही. आतला आणि बाहेरचा असे दोन फोनो स्टेज मात्र एकावर एक लावू नका. आत नसेल तर बेरिंजर पीपी-४०० सारखा छोटा डबा सुरुवातीला पुरतो. त्यापेक्षा महाग डब्यातला फरक ऐकू यायला तेवढे चांगले स्पीकर लागतात. ते आपल्याकडं आहेत का, हे स्वतःलाच विचारा.

आणि तो ‘हूंऽऽ’ आवाज? त्यासाठी डबा बदलायची घाई करू नका. आपल्याकडं कित्येक घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर पुढं कुठंच गेलेली नसते. टर्नटेबलची बारीक वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट बांधा, ॲडॉप्टर लांब ठेवा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी तर ही संधीच आहे. एनई-५५३२ ही स्वस्त आयसी, चांगले रेझिस्टर-कपॅसिटर आणि ३१८०, ३१८, ७५ मायक्रोसेकंद हे तीन आकडे. एवढ्यावर फोनो स्टेज उभा राहतो. शेवटच्या वर्षाला तोच तो लाइन फॉलोअर रोबोट करण्यापेक्षा हा प्रोजेक्ट करा. निदान घरात वाजेल तरी.

‘पण सगळं यूट्यूबवर आहे की!’ असं कुणी म्हणेल. गाजलेलं आहे, खरंय. रेकॉर्डचा आवाज मोबाईलपेक्षा श्रेष्ठ, असा दावाही आम्ही करत नाही. पण थोड्याच प्रती निघालेल्या, नाव विसरलेल्या गायकांच्या तबकड्या कुणी चढवल्यात? मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी नोकरी सांभाळून जुन्या तबकड्या शोधल्या, त्यांच्यावर लिहिलं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तुळजापूर, परंडा, उमरग्याच्या जुन्या वाड्यांत मराठी पदाशेजारी उर्दू कव्वाली निघाली तर नवल नाही. पण ती शोधायला मुंबईहून कोण येणार? हे काम तुमचंच आहे.

म्हणून जमलं तर यूएसबी असलेला फोनो स्टेज घ्या. बेरिंजरचाच यूएफओ-२०२ तसा आहे. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर टाका, वेव्ह फाइल करा आणि लेबलवरचं गायकाचं नाव, नंबर जसाच्या तसा लिहून ठेवा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर कॉलेजात चार-पाच जणांनी मिळून एकच संच घ्या.

आणि काहीच घ्यायला जमलं नाही, तरी एक काम आजच करा. रेकॉर्ड पत्र्याखालच्या माळ्यावरून खाली आणा आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आपल्या मे महिन्यात एलपी पापडासारखी वाकते. डबा पुढच्या वर्षीही मिळेल. वाकलेली तबकडी सरळ होत नाही, आणि भंगारात गेलेली परत येत नाही.