खाडा नव्हे, रजा!

सकाळी साडेसहाला चौकीवर हजेरी लागते. झाडू तोच, रस्ता तोच, ओरडणारा मुकादमही तोच. कायम कामगार घरच्या लग्नाला गेला की मस्टरवर त्याची रजा लागते. कंत्राटी कामगार बापाच्या दहाव्याला गेला तरी त्याचा खाडा पडतो आणि दिवसाचे पैसे जातात. हे बंद पाडायला आम्ही उभे राहिलो आहोत: सफाई कामगार, सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिका, गाड्यांवरचे चालक, कार्यालयांतले ऑपरेटर.

सुट्टी मुंबईच्या कामगाराला कुणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मालक खासगी होते, राज्य परक्यांचं होतं, तरी झुकावं लागलं. आज आमचा मालक सरकार आहे. कायदा करणारंही तेच.

राज्याच्या 1981 च्या रजा नियमांनुसार कायम कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला 30 दिवसांची अर्जित रजा जमा होते. ती त्यांना मिळायलाच हवी. भांडण त्यांच्याशी नाही. पण आमचं खातंच नाही.

कारखाने कायदा 1948 सालचा. वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, असं तो सांगत होता. मग दिवस भरूच द्यायचे नाहीत! मध्येच 'ब्रेक' द्यायचा, कंत्राटदाराची पाटी बदलायची, माणसं तीच ठेवायची आणि सेवा पहिल्या दिवसापासून मोजायची. ही युक्ती सरकारी आवारात चालते, याची आम्हांला जास्त लाज वाटते.

2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं 240 ची अट 180 वर आणली. सरकारी कार्यालयांना तिनं वगळलं, पण तिथं कंत्राटदारामार्फत राबणाऱ्यांना वगळलेलं नाही. म्हणजे आम्ही नवं काही मागत नाही. लिहिलंय ते द्या.

कंत्राटदार बदलला तरी सेवा सलग धरा. निविदेतच रजेच्या पगाराची तरतूद करा, म्हणजे ठेकेदाराला "परवडत नाही" म्हणायला जागा उरणार नाही. शिल्लक रजा पगाराच्या पावतीवर छापा. आठवड्याची सुट्टी पगारासह द्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला कामावर बोलावलं, तर दुप्पट पैसे किंवा बदली सुट्टी द्या. झेंडावंदनाचं मैदान झाडून देणाऱ्याच्या पगारातून तोच दिवस कापायचा, हा कुठला प्रजासत्ताक दिन?

कायम कामगारांनो, आमच्या शेजारी उभे राहा. तुमची निवृत्तीनंतर रिकामी होणारी जागा उद्या आमच्याच दरानं भरली जाणार आहे.

आणि कंत्राटी भावाबहिणींनो, आजपासून स्वतःची हजेरी स्वतःच्या वहीत लिहा: तारीख, ठिकाण, मुकादम, कापलेले पैसे. आपल्या सभेला येताना ती वही आणि पगाराच्या पावत्या आणा. पावती मिळतच नसेल, तर तेही लिहून आणा.