तेहतीस मीटर खाली ऊन

पुण्याच्या जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकाचा भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे. देशातल्या सर्वांत खोल स्थानकांत त्याची गणना होते. 1 ऑगस्ट 2023 रोजी ते खुले झाले. सप्टेंबर 2024 मध्ये इथली भुयारी मार्गिका स्वारगेटपर्यंत गेली. इथून पुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून कसब्याकडे जातो, म्हणून ही खोली. काळ्या बेसाल्टात एवढे उतरायचे म्हणजे गंमत नव्हे.

आराखडा करणाऱ्यांनी छत उंच ठेवले आणि वरून उजेड आत घेतला. भर दुपारी सरकत्या जिन्याने उतरताना उन्हाचा पट्टा थेट फलाटापर्यंत पोचलेला दिसतो. भुयार म्हटले की डोळ्यांसमोर येणारा कोंदटपणा इथे जाणवत नाही. शेजारच्या शिवाजीनगर स्थानकाच्या दर्शनी भागाला किल्ल्याचे रूप दिले आहे. ते छायाचित्रांत छान दिसते, पण आमच्या मते खरे स्थापत्य न्यायालयाच्या या खड्ड्यातच आहे, कारण तिथे सजावटीआधी प्रवाशाचा विचार झाला.

तो विचार रस्त्यावर आल्यावर मात्र संपतो. वर वनाज-रामवाडी मार्गिकेचा उन्नत फलाट, खाली स्वारगेटची गाडी आणि हिंजवडी मार्गिकेचे टोकही इथेच. एवढ्या माणसांना बाहेर पडल्यावर सलग पदपथ, सुरक्षित रस्ता ओलांडणी आणि रिक्षांना ठरलेली जागा हवी. महापालिका आणि महामेट्रोने हद्दीचा घोळ न घालता ही कामे एकत्र बसून मार्गी लावावीत.