बाईने लिहिलेलं, बाईने केलेलं नाटक गावात बोलवा

वराळेकरांनो, शेजारच्या आंबी, इंदुरी, नवलाख उंब्र्याच्या मंडळींनो, येत्या 3 जानेवारीसाठी तुमच्याकडे एक मागणं आहे. सावित्रीबाईंच्या फोटोला हार, दोन भाषणं आणि पोरांना खाऊ, एवढ्यावर यंदा थांबू नका. गावात एकपात्री नाटक लावा. ते बाईने लिहिलेलं आणि बाईने केलेलं असू द्या.

असं नाटक शोधायला लांब जायला नको. सुषमा देशपांडे मूळच्या पत्रकार. त्यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ स्वतः लिहिलं आणि 1989 पासून त्याचे प्रयोग स्वतः केले. रंगमंचावर एकटी सावित्री उभी असते आणि ती आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगते. नायगावचं माहेर, लहानपणीच झालेलं लग्न, पाटी-पेन्सिल हाती देणारा नवरा, 1848 ची पुण्यातली मुलींची शाळा, शाळेच्या वाटेवर अंगावर पडणारं शेण. आणि शेवटी 1897 चा प्लेग, ज्यात मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी ही बाई स्वतःच गेली. पाठ्यपुस्तकात हे सगळं चार ओळींत आटोपतं. समोर उभी राहून तीच बाई बोलू लागली की आपल्या घरातली थोरली कुणी बोलते आहे असं वाटतं, आणि मागे बसलेल्या आज्यासुद्धा मान वर करून ऐकतात.

देशपांडे एका नाटकावर थांबल्या नाहीत. तमाशातल्या बायकांच्या आयुष्यावर त्यांनी ‘तिच्या आईची गोष्ट’ लिहिलं, स्त्री संतांवर ‘बया दार उघड’ केलं. पुढे शिल्पा साने आणि शुभांगी भुजबळ यांनी सावित्रीबाई आपल्या अंगावर घेतली. एकीने लिहिलेलं दुसरीने उचललं आणि नाटक चालत राहिलं. हे सगळं नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर उभं राहिलेलं नाही. गावाने, शाळेने, महिला मंडळाने बोलवायचं आणि नटीने यायचं, अशा आमंत्रणांवर ही वाट पडली. म्हणून तुमच्या एका आमंत्रणाची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे.

तमाशाची सुपारी कशी द्यायची हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. पाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी तिथे जाऊन बोलणी करतात. त्याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंची गोष्ट सांगतात की दिवस भरत आलेले असतानाही त्या बोर्डावर नाचत होत्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. लोक ती कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना राग येतो. त्या रात्री प्रयोग थांबवायला कुणी तयार का झालं नाही, हा प्रश्न कलावंतिणीला बोलावणाऱ्या प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा.

तेव्हा बोलावताना आधी तिची सोय बघा. दाराला आतून कडी असलेली खोली, स्वच्छ संडास, प्यायचं पाणी. तिला आणायला तळेगाव स्टेशनवर कुणी जाणार असेल तर तो माणूस नक्की करा आणि रात्री परत सोडायचंही ठरवा. बिदागी फोनवर आधीच स्पष्ट बोला. “समाजाचं काम आहे, काय ते समजून घ्या” असं म्हणू नका. मंडपवाल्याला, साऊंडवाल्याला आपण तसं म्हणत नाही. लिहिणारी वेगळी असेल तर तिची परवानगी आणि मानधन वेगळं, हेही विचारून घ्या.

एकपात्रीत एक शब्द विसरला तर सावरून घ्यायला शेजारी दुसरा नट नसतो. तास-दीड तास ती एकटी सगळं पेलत असते. म्हणून सत्कार, नारळ, पाहुण्यांची भाषणं नाटकाआधी ठेवू नका. ठेवायचीच असली तर नंतर, आणि थोडक्यात. जवळ दुसरा स्पीकर वाजत नाही ना, ते बघा. पुढच्या सतरंज्या बायकांना द्या. आणि वेळ ठरवताना त्यांनाच विचारा. रात्री नऊला लावलंत तर भाकऱ्या-भांडी उरकून येईपर्यंत निम्मं नाटक झालेलं असेल.

आता गावातल्या मुलींशी बोलतो, कॉलेजसाठी बाहेरून येऊन वराळ्यात राहणाऱ्या मुलींशीही. तुम्ही लिहा. आधी मोठ्याने वाचायची सवय लावा. कादंबरीकार गोनीदांचं घर तळेगावात. त्यांची मुलगी वीणा देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं वर्षानुवर्षं केली, फक्त आवाजावर माणसं बांधून ठेवली. तळेगावातच कलापिनी ही संस्था आहे, तिथे नाटक करणारी माणसं भेटतील. विषय तर घराच्या उंबऱ्यावर आहेत. 9 ऑगस्ट 2011 ला पवना जलवाहिनीच्या विरोधात बऊरला शेतकरी जमले, गोळीबार झाला, तिघं गेले. त्यात एक बाई होती. त्या दिवसाकडे मावळच्या बाईच्या डोळ्यांनी बघणारं नाटक मावळातल्याच मुलीने लिहावं असं मला फार वाटतं. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्याकडे जा, त्यांच्या बोलीत लिहून घ्या. गेलेल्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या, कारण दुःख त्यांचं आहे. जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेवढं ध्यानात ठेवा. पहिला प्रयोग मात्र घरातच, आई-मावशीसमोर करून बघा. त्या जिथे चुळबुळ करतील तिथे लिखाण सैल आहे.

कमिटीला शेवटचं सांगणं. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या नाटकाला सगळीकडून बोलावणं असतं, त्यामुळे दिवाळीआधीच तारीख मागा. ती मिळाली नाही तर 10 मार्च घ्या, तो त्यांचा स्मृतिदिन. दोनच दिवस आधी महिला दिनाचा म्हणून जो खर्च धरता, तो त्या दिवशी याच कामाला लावा.